किन्नौर-स्पिती गाडीने: शिमल्याकडून चढायचं की मनालीकडून?

घाटवाट

हिमाचलातल्या स्पितीहून आल्यापासून व्यनिमध्ये (खासगी निरोपांत) तेच तेच प्रश्न येतायत, मनालीहून एका दिवसात काझा (स्पितीचं मुख्य गाव) होतं ना, चार दिवसांत बसेल का सगळं, आईबाबांना नेलं तर चालेल का, म्हणून एकदाच काय ते इथे लिहितो. प्रवासवर्णन नाहीये हे. ज्यांना जायचंय त्यांनी विचारा, जे जाऊन आलेत त्यांनी भर घाला, माझं काही खोडून काढलंत तरी हरकत नाही.

सगळ्यात आधी एकच सांगतो, शिमल्याकडून आत शिरा आणि मनालीकडून बाहेर पडा. मनाली आहे २०५० मीटरवर, कुंझुम पास ४५५१ वर आणि काझा ३८०० वर. म्हणजे पहाटे मनालीत चहा पिऊन निघालेला माणूस दुपारी साडेचार हजार मीटरवर उभा राहून फोटो काढणार आणि रात्री ३८०० वर झोपणार, एका दिवसात. काझातल्या हॉटेलांमध्ये संध्याकाळी जे लोक डोकं धरून बसलेले दिसतात ना, ओकाऱ्या, जेवण नको, बोलायला नको, त्यांना विचारून बघा, बहुतेक जण मनालीहून आलेले असतात. शिमल्याकडून आलात तर कल्पा २९६०, मग नाको ३६६०, मग ताबो ३२८०, मग काझा. नाकोहून ताबोला तुम्ही चक्क खाली उतरता. दिवसा उंचावर जाऊन आलात आणि रात्री खाली झोपलात तर शरीर पटकन जुळवून घेतं, आणि इथे ते काही न करता रस्ताच तुमच्यासाठी करून देतो.

दुसरं म्हणजे किलोमीटर विसरा. रिकाँग पिओ ते काझा २०० किमीच्या आसपास आहे, आपल्याला वाटतं चार तासांचं काम. सकाळी लवकर निघून संध्याकाळी पोचलात तर चांगली वेळ मिळाली म्हणायचं. कुंझुमच्या पलीकडे, मनालीच्या वाटेवर, बातल ते ग्राम्फू तर पन्नासेक किमीच, त्याला चार-पाच तास सहज जातात, कारण तिथे रस्ता असा नाहीच, दगड आहेत आणि त्यांवरून आधीच्या गाड्या गेल्याच्या खुणा आहेत.

रामपूरपर्यंत सगळं नेहमीचं हिमाचल. ज्यूरी सोडलं की दरी आवळत जाते, आणि तरंडा ढांकपाशी कडा आतून कोरून काढलाय, डोक्यावर खडक, एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला खाली सतलज. तरंडा देवीच्या देवळापाशी यच्चयावत ड्रायव्हर थांबतात, नास्तिकही थांबतात. जुना हिंदुस्तान-तिबेट रस्ता हाच, डलहौसीच्या काळात १८५० मध्ये सुरू केलेला. वांगतू-करछमचा पट्टा मला अजिबात आवडला नाही. धरणं, बोगदे, धुळीने पांढरी झालेली झाडं. नाथपा-झाकरी १५०० मेगावॅटचा प्रकल्प, त्याच्या वर करछम-वांगतू, नदी मधेमधे गायबच असते, डोंगराच्या पोटातून जाते. पण करछमला बास्पा नदीच्या कडेने सांगल्याकडे वळलात की सगळं पालटतं, देवदार, सफरचंदाच्या बागा, आणि टोकाला ३४५० मीटरवरचं चितकुल.

झाडं संपतात ती पूहच्या पुढे. खाबला पूल आहे, तिथे स्पिती नदी सतलजला मिळते. तिथून वळणं वळणं घेत नाकोला चढायचं, आणि वर पोचेपर्यंत हिरवा रंग म्हणजे फक्त गावाच्या शेताएवढा उरतो.

दरड पडण्याबद्दल लिहायलाच हवं. नाकोच्या पुढे एका ठिकाणी आम्हाला थांबवलं. बीआरओचा (सीमेवरचे रस्ते सांभाळणाऱ्या संघटनेचा) एक माणूस शिट्टी तोंडात धरून उभा, हातात लाल झेंडी, आणि तो गाड्यांकडे बघतच नव्हता, मान वर करून नुसता उतार बघत होता. आधी वर एक धुळीचा पुंजका दिसतो, कापूस पिंजल्यासारखा, आवाज नाही. मग दोन-तीन सेकंदांनी खडखड, आणि मुठीएवढे दगड रस्ता ओलांडून नदीत. वारा पडला, धूळ थांबली की शिट्टी, आणि एक गाडी पळायची. एका वेळी एकच. आमच्या पुढच्या इनोव्हातल्या साहेबांना व्हिडिओ काढायला मध्येच थांबायचं होतं, त्या शिट्टीवाल्याने त्यांना जे काय सुनावलं ते इथे लिहिता येणार नाही.

दगड दुपारी जास्त पडतात, रात्री भेगांत गोठलेलं पाणी उन्हाने सुटतं आणि वारा सुटतो तोही दुपारीच. म्हणून सकाळी सहाला निघायचं, नाश्ता वाटेत.

पेट्रोल पिओच्या खाली पोवारीला टाकी फुल्ल करा, नंतर एकदम काझा. रोख पैसे ठेवा. काझात एटीएम आहे पण वीज गेली की तो पण झोपतो. बाकी विचारा.

मनमौजी_मी

वाचता वाचता जळजळ झाली, इनो घेतला. पहिला मी का? जुलैत जायचा विचार आहे कारण मुलांच्या शाळेचं वगैरे जमतंय, पाऊस असतो का तिकडे?

घाटवाट

स्पितीत पाऊस जवळजवळ नाही, पर्जन्यछायेतच आहे ते. पण स्पितीपर्यंत पोचायला किन्नौर पार करायचंय ना, आणि किन्नौरमध्ये जुलै-ऑगस्ट म्हणजे दरडींचा हंगाम. २०२१ च्या जुलैत बटसेरीला आणि ऑगस्टमध्ये निगुलसरीला दरड कोसळून जे झालं ते आठवत असेल. मी तरी जुलैत पोरं घेऊन जाणार नाही. जूनचा दुसरा पंधरवडा किंवा सप्टेंबर. जूनमध्ये कुंझुम उघडलाय का ते निघायच्या आधी बघून घ्यावं लागतं, सप्टेंबरला किन्नौरात सफरचंदं लगडलेली असतात, आकाश स्वच्छ, नाल्यांना पाणी कमी.

सायली_के

आईबाबांबद्दल मी लिहिते कारण मी नेलं होतं. दोघंही सत्तरीच्या जवळचे, बाबांना बीपी. आम्ही सांगला, चितकुल, कल्पा आणि शेवटी ताबो, तिथूनच परत शिमल्याला, काझाला गेलोच नाही. सगळ्यांनी वेड्यात काढलं की ताबोपर्यंत जाऊन काझा नाही?? पण ताबोला दोन रात्री राहिलो त्याचा आनंद मला कुठल्याही पासचा झाला नसता. कल्प्याच्या गच्चीतून किन्नर कैलास पर्वत समोर, बाबा सकाळी पाचपासून शाल गुंडाळून बसलेले असायचे, त्याच्यावरचं शिवलिंग (उभा दगडी सुळका) कुठे दिसतं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत.

ताबोच्या मठात आई जास्त रमली. बाहेरून मातीची बुटकी घरं वाटतात, आत गेल्यावर मिट्ट काळोख, दिवे नाहीत, फोटो काढायला बंदी. लामांनी टॉर्च दिला. आणि मग भिंतीवर एकेक मूर्ती उजेडात यायला लागते, भिंतीतून पुढे आलेल्या, जणू बसल्या जागी हवेत, खाली सगळीकडे चित्रं. ९९६ सालचा मठ आहे, हजार वर्षं झाली, आणि सगळी माती. १९७५ च्या भूकंपातही मूळ इमारत उभी राहिली. आई म्हणाली टॉर्च नको, डोळ्यांना सवय होऊ दे. अर्धा तास बसलो.

डॉ_निवांत

सायली, शाब्बास. ज्येष्ठांना नेणाऱ्यांनी हाच प्लॅन उचलावा.

उंचीबद्दल थोडं. ४५०० मीटरवर प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या साधारण ५७-५८ टक्के असतो. हवेतलं प्रमाण तेच २१ टक्के, दाब कमी. त्रास कोणाला होईल हे वयावरून किंवा फिटनेसवरून सांगता येत नाही, मॅरेथॉन पळणारे आडवे झालेले पाहिलेत आणि आजीबाई मजेत. ३००० मीटरच्या वर झोपायची उंची रोज ३००-५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये हा साधा नियम. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं इथपर्यंत ठीक, त्या दिवशी वर जायचं नाही, पाणी प्यायचं, आराम, दारू बंद. पण चालताना तोल जायला लागला, असंबद्ध बोलायला लागला, किंवा बसल्या जागी धाप आणि खोकला, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी खाली उतरवा. ऑक्सिजनचा डबा देऊन सकाळची वाट बघायची नाही. त्या छोट्या स्प्रेच्या डब्यांवर तर अजिबात विसंबू नका, काही मिनिटांत संपतात.

डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) आपल्या डॉक्टरांना विचारून. सल्फाची अॅलर्जी असेल तर आधी सांगा. आणि गोळी घेतली म्हणून मनालीकडून चढलं तर चालेल असा अर्थ कोणी काढू नये, लोक तोच काढतात.

लालडबा_प्रेमी

सगळे गाडीगाडी करतायत, कोणीतरी बसचंही बोला. हिमाचल परिवहनची रिकाँग पिओहून काझाची बस सकाळी लवकर सुटते, मी तीच केली आणि पुढच्या वेळीही तीच करेन. तिकीट खिडकीवर आदल्या दिवशी विचारून ठेवायचं, नदीच्या बाजूची सीट मागायची (किंवा अजिबात मागायची नाही, आपापल्या काळजावर आहे).

बसमध्ये काय नव्हतं, टपालाच्या थैल्या, कोणाचा तरी गॅस सिलिंडर, कोंबड्या, टीव्हीचा खोका, शाळेतून सुट्टीला घरी निघालेली पोरं. स्पिलो, पूह, नाको, चांगो, प्रत्येक ठिकाणी कंडक्टर कोणाला तरी हाक मारून काहीतरी देतोय, औषधाची पिशवी, नाहीतर निरोप. एका वळणावर बस थांबली, ड्रायव्हर उतरला, बायकांनी भरलेलं वाटाण्याचं पोतं टपावर चढवायला मदत केली आणि परत बसला. स्पितीत ऑगस्टमध्ये सगळीकडे मटारच मटार, शेतात बसून शेंगा तोडणं चाललेलं असतं आणि ट्रकच्या ट्रक खाली जातात. शेतांना पाणी वरच्या बर्फाचं, कूल म्हणतात तो पाट काढून आणलेलं, गावात कोणाचा दिवस कधी ते ठरलेलं.

आणि ड्रायव्हर! आपल्या गाडीत तुम्ही पाच किमीवर पाय दुखवून घेता, हा माणूस मागचं चाक रिव्हर्समध्ये कड्याच्या काठावर आणून ठेवतो आणि बोलणं न थांबवता. सुमदोला चौकीवर नोंद होते, आपल्याला परमिट लागत नाही, बसमधल्या परदेशी मुलीला मात्र इनर लाइन परमिट (सीमेलगतच्या भागात जायचा परवाना) दाखवावं लागलं, ते आधीच काढून ठेवायचं असतं.

घाटवाट

लालडबा, भारी. सेल्फ ड्राइव्हवाल्यांनी ही बस एकदा तरी करावी, आपण काय शौर्य गाजवतोय ते कळतं.

शंकेखोर

मला एक कळत नाही, हिमाचलमध्ये प्रत्येक गावात एक पाटी असते, जगातलं सगळ्यात उंच हे, भारतातलं शेवटचं ते. कोमिकला (४५८७ मी) म्हणे रस्त्याने जोडलेलं जगातलं सर्वात उंच गाव. पेरूमधलं ला रिंकोनादा ५१०० मीटरवर आहे, तिथे हजारो लोक राहतात आणि ट्रक जातात. चितकुलला शेवटचा ढाबा. लोक फक्त पाटीपुढे उभे राहायला जातात, फोटो काढतात, वळतात.

सायली_के

खरं आहे पण पाटीमुळे चार पैसे मिळत असतील गावाला तर मिळू देत की. जगातलं सगळ्यात उंच म्हणवणाऱ्या हिक्कीमच्या पोस्टातून मी स्वतःलाच कार्ड टाकलं होतं, पुण्यात पोचलं. १९८३ पासून ते पोस्ट चालू आहे, थैली पायी काझाला न्यायचे.

दगडफूल

लांगझाचं कोणी लिहिलं नाही अजून? मी भूगर्भशास्त्राची, त्यामुळे माझी ट्रिप तिथेच अडकली. गावाच्या वर बुद्धाची मोठी मूर्ती, मागे चाऊ चाऊ कांगनिल्दा शिखर, आणि पायाखाली काळ्या शेलमध्ये (चिखलाच्या थरांचा खडक) अमोनाइटचे जीवाश्म. ४४०० मीटरवर समुद्रातले प्राणी! टेथिस समुद्राचा तळ होता हा, भारताचं भूखंड आशियाला येऊन धडकलं आणि तळ उचलला गेला. स्पिती शेल हे नाव जगभरच्या पुस्तकांत आहे. गोल गुळगुळीत काळा गोटा असतो, तो फुटला की आत शिंपल्याची चक्राकार नक्षी, एकेक पन्हळ मोजता येईल इतकी स्पष्ट.

पोरं विकायला आणतात, कळकळीची विनंती, घेऊ नका. उचलून न्यायला परवानगी नाही हे एक, आणि दुसरं म्हणजे तुम्ही घेतला की उद्या तो पोरगा शाळा सोडून आणखी चार शोधणार. मी एका मुलाला म्हटलं मला विकू नको, कुठे सापडला ते दाखव, त्याचे वाटाडे म्हणून पैसे देते. दोन तास फिरवलं त्याने, डोंगराचा प्रत्येक थर माहीत होता पठ्ठ्याला, फक्त नावं त्याची स्वतःची होती.

मनमौजी_मी

वा! हे आवडलं. ग्यूच्या ममीचं पण कोणीतरी सांगा, आमच्या चिरंजीवांना फक्त तेच बघायचंय.

घाटवाट

सुमदो आणि हुर्लिंगच्या मध्ये फाटा आहे, आत आठ-दहा किमी. संघा तेन्झिन नावाच्या भिक्षूची ममी, सुमारे ५०० वर्षं जुनी, १९७५ च्या भूकंपात जुना स्तूप ढासळला तेव्हा उघडी पडली. इजिप्तसारखं गुंडाळलेलं काही नाही. काचेच्या पेटीत गुडघा उभा करून बसलेला माणूस, हनुवटी गुडघ्याकडे, दात दिसतात, डोक्यावर केस दिसतात. तपश्चर्येत अन्न कमी करत करत गेलेला देह असं सांगतात. चिरंजीवांना आधी सांगून ठेव की हे लोक त्याला देव मानतात, तिथे भूत भूत करून ओरडायचं नाही. मोठ्यांनाही सांगावं लागतं खरं तर.

कोकण_एक्सप्रेस

प्रश्न: माझी गाडी साधी हॅचबॅक आहे. कुंझुम-बातल-ग्राम्फू होईल का? यूट्यूबवर एक जण म्हणतो आरामात, दुसरा म्हणतो मरशील.

घाटवाट

दोघंही बरोबर, एक सकाळी गेला असेल आणि दुसरा दुपारी. बातल ते छतरू मध्ये नाले आडवे येतात, पाणी वरच्या हिमनदीचं. रात्री थंडीने वितळणं थांबतं म्हणून सकाळी घोट्याएवढं पाणी असतं, तोच नाला चार वाजता बंपरच्या वर. म्हणून काझाहून पहाटे निघ, किंवा बातल-चंद्रतालला मुक्काम करून सकाळी. नाल्यापाशी उतर, आधीची गाडी कुठून जाते बघ, ट्रकच्या मागे जाऊ नको लगेच, तो बाहेर पडेपर्यंत थांब. मग पहिला गिअर, एकसारखा अॅक्सिलरेटर, मध्ये क्लच दाबायचा नाही. बाकीच्यांना उतरवून दगडांवरून चालत पाठव, गाडी तेवढीच उचलते. आणि चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची हा तिथला नियम, दिल्लीकर पाळत नाहीत, तू पाळ.

खरं सांगू का, पहिल्यांदा जात असशील आणि घाटात रोज चालवायची सवय नसेल तर काझाहून तिथला ड्रायव्हर घे मनालीपर्यंत. त्याला कुठला नाला आज तापलाय ते माहीत असतं.

लालडबा_प्रेमी

+१, आणि अडकलात तर मागच्या प्रत्येक गाडीतले लोक उतरून ढकलतात, लाजू नका. छतरूला डाळभात खाऊन घ्या.

सायली_के

होमस्टेबद्दल एक राहिलं. तिथे बऱ्याच घरांत कोरडा संडास असतो, जमिनीला चौकोनी भोक, बाजूला माती-राखेचा ढीग आणि फावडं. झाल्यावर दोन फावडी माती टाकायची, पाणी ओतायचं नाही, ओल्या टिश्यूज तर नाहीच. वसंतात तेच खत शेतात जातं. आमच्या ग्रुपमधल्या एकीने नाक मुरडून हॉटेल शोधलं, तिथे फ्लश होता पण पाइप गोठलेला, मग बादली घेऊन खालून पाणी. होमस्टेत रात्री सगळे स्वयंपाकघरातच, मधोमध लोखंडी तंदूर, त्यावर किटली, कडेने गाद्या. घरच्या बाईंनी मला टिंगमो (वाफवलेले पाव) वळायला बसवलं, माझे सगळे वेगळे ओळखू येत होते.

कोकण_एक्सप्रेस

ठरलं मग. सप्टेंबरचा दुसरा आठवडा, शिमल्याकडून. चंद्रतालला तळ्याकाठी तंबू ठोकता येतो का?

घाटवाट

नाही, तळ्याकाठी मनाई आहे, २००५ पासून रामसर क्षेत्र आहे ते. कॅम्प तीन-चार किमी अलीकडे, तिथून गाडीतळापर्यंत जायचं आणि शेवटचं चालत. ४२०० च्या वर आहे म्हणजे थंडी जोरदार. आणि हवामानाचा इशारा असला तर चंद्रताल सोडून दे सरळ, २०२३ च्या जुलैत तिथे सुमारे तीनशे पर्यटक बर्फात अडकले होते आणि हेलिकॉप्टर, बुलडोझर सगळं लावावं लागलं. कुंझुम बंद झाला तर आलास तसाच किन्नौरकडून परत, त्यासाठी दोन दिवस हाताशी ठेव. परतीचं विमान चंदीगडहून असेल ना? मनालीहून उतरलास की त्याच दिवशीचं काढू नको.

कोकण_एक्सप्रेस

काढून झालंय. त्याच दिवशीचं, संध्याकाळी सातचं.

घाटवाट

बदल.

डॉ_निवांत

बदल.

लालडबा_प्रेमी

बदल, आणि फरकाचे पैसे जातील ते धागाकर्त्याकडून घे.